डीजी सेटचं अर्थिंग: खड्डे किती, त्याआधी न्यूट्रल कुठे जोडलाय ते पाहा

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळला की नाही ते तुम्हालाही दिसेल. पुण्यातली साठेक फ्लॅटची सोसायटी. जुना ६२.५ केव्हीएचा डीजी (डिझेल जनरेटर) काढून १२५ केव्हीएचा बसवला. वेंडरने अर्थिंगचे चार खड्डे केले (प्रत्येकात जमिनीत पुरलेला पाइप), दोन न्यूट्रलचे म्हणजे करंट परत येतो त्या वायरीचे, दोन बॉडीचे म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याचे, आणि ‘हे एकमेकांना अजिबात जोडायचे नाहीत’ असं बजावलं. डीजी सुरू झाला की काही फ्लॅटचे आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारे स्विच) पडायला लागले. तुमच्या इलेक्ट्रिशियनने न्यूट्रलची अर्थ पट्टी सोडवली आणि पडणं बंद झालं. आता तो म्हणतो चार खड्ड्यांची गरजच नव्हती. वेंडर म्हणतो पट्टी परत लावा, नाहीतर जबाबदारी आमची नाही. दोघांत बरोबर कोण? शिवाय गणपतीत मंडपासाठी भाड्याचा जनरेटर येतो, त्याला अर्थिंग लागतं का, हेही तुम्ही विचारलं आहे.

पट्टीच्या बाबतीत वेंडर बरोबर आहे, खड्डे न जोडण्याच्या बाबतीत चूक. इलेक्ट्रिशियनने जे केलं ते धुराचा अलार्म सारखा वाजतो म्हणून त्याचा सेल काढून ठेवण्यासारखं आहे. आरसीसीबी उगाच पडत नव्हते. वायरिंगमध्ये एक दोष आहे, तो ते सांगत होते. तो दोष अजून तिथेच आहे, फक्त आता कुणी सांगत नाही.

हे कळायला एक गोष्ट डोक्यात पक्की बसावी लागते. करंट जमिनीत मुरून जात नाही. तो ज्या अल्टरनेटरच्या (डीजीतला वीज तयार करणारा भाग) वाइंडिंगमधून निघाला, त्याच वाइंडिंगच्या न्यूट्रलला त्याला परत यायचं असतं. परत यायला वाट असेल तरच तो वाहतो, आणि पुरेसा वाहिला तरच ब्रेकर पडतो. म्हणून डीजीचं अर्थिंग तपासताना मी खड्डे शेवटी मोजतो. आधी विचारतो: गीझरच्या बॉडीला फेज लागला, तर तिथून डीजीच्या न्यूट्रलपर्यंत करंट कोणत्या धातूच्या वाटेने येणार? बोट ठेवून दाखवा.

तुमच्याकडे वेंडरने ठेवली होती ती रचना घ्या: न्यूट्रलचे दोन खड्डे वेगळे, बॉडीचे दोन वेगळे, मध्ये फक्त माती. खड्डे उत्तम आहेत असं समजू, प्रत्येक जोडीचा रेझिस्टन्स २ ओहम. डीजीच्या पॅनलमध्ये फेज बॉडीला टेकला, तर वाटेत २ अधिक २ म्हणजे ४ ओहम. २३० भागिले ४, साधारण ५७ अँपिअर. १२५ केव्हीएच्या सेटचा फुल लोड करंट १७४ अँपिअरच्या आसपास असतो, एमसीसीबी (पॅनलमधला मोठा ब्रेकर) २०० चा. त्याला ५७ अँपिअर म्हणजे किरकोळ लोड. तो पडणार नाही. आणि तेवढा वेळ पॅनलच्या व कॅनॉपीच्या (डीजीभोवतीच्या पेटीच्या) पत्र्यावर जमिनीच्या तुलनेत ११५ व्होल्ट उभे असतील. पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळताना चेंडू काढायला त्याच पत्र्याला टेकतात.

आता तेच चारही खड्डे एका जाड पट्टीने एकत्र बांधा आणि न्यूट्रल त्या पट्टीला जोडा. वाट धातूची झाली, ओहमऐवजी मिलिओहमची. करंट क्षणात हजाराच्या घरात जातो. म्हणून नियमात न्यूट्रलला दोन आणि जनरेटरच्या बॉडीला दोन वेगळ्या जोडण्या सांगितल्या आहेत त्या जरूर पाळा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियम (सध्याचे २०२३ चे) आणि आयएस ३०४३ (अर्थिंगचं भारतीय मानक) दोन्ही त्याच दिशेने जातात, आणि विद्युत निरीक्षक तपासणीला आले की चार खड्डे बघणारच. पण ‘दोन वेगळ्या जोडण्या’ याचा हेतू एवढाच, की एक गंजून तुटली तर दुसरी असावी. बॉडी आणि न्यूट्रलची ताटातूट करा असा त्याचा अर्थ होत नाही. हा गैरसमज आपल्याकडे इतका पसरला आहे की काही कोटेशनमध्येही ‘आयसोलेटेड बॉडी अर्थ’ म्हणून वेगळे पैसे लावलेले दिसतात.

मग वेंडरच्या पट्टीने आरसीसीबी का पडत होते? तुम्ही लिहिलंय की प्रत्येक फ्लॅटला डीजीची वेगळी लाइन आहे, तिच्यावर दोन-चार दिवे, पंखे आणि फ्रिज, आणि तिला स्वतंत्र आरसीसीबी. जुन्या बांधकामांत ही पद्धत सर्रास दिसते. अशा फ्लॅटमध्ये कुणी इंटीरियर करून घेतलं की कारागीर डीबी (घरातला ब्रेकरचा बोर्ड) बदलतो आणि सगळ्या काळ्या वायरी एकाच न्यूट्रल बारला आवळून टाकतो. तिथे डीजीचा न्यूट्रल आणि एमएसईबीचा न्यूट्रल मिसळले. (एमएसईबी २००५ मध्ये विभागली गेली, महावितरण आली, पण आमच्या धंद्यात लाइन अजून एमएसईबीचीच असते.)

आता डीजी चालू आहे. फ्रिजला डीजीच्या फेजने ५ अँपिअर गेले. परत यायला दोन वाटा: एक डीजीच्या न्यूट्रलची सरळ वाट, समजा ०.०५ ओहम. दुसरी एमएसईबीच्या न्यूट्रलने ट्रान्सफॉर्मरच्या अर्थपर्यंत, तिथून मातीतून तुमच्या डीजीच्या खड्ड्यात आणि पट्टीने न्यूट्रलला. समजा २ ओहम. ५ अँपिअरचा साधारण चाळिसावा हिस्सा दुसऱ्या वाटेने जाईल, म्हणजे १२० मिलिअँपिअरच्या आसपास. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा. गेलेला आणि आलेला करंट जुळला नाही, तो पडला. त्याचं कामच ते आहे.

पट्टी काढल्यावर दुसरी वाट डीजीच्या टोकाला तुटली आणि आरसीसीबी गप्प झाले. पण यातून जे उरलं ते विचित्र आहे. डीजीचा न्यूट्रल आता नीट अर्थही नाही आणि पूर्ण तरंगताही नाही. ज्या फ्लॅटमध्ये न्यूट्रल मिसळलेत, त्या घरातल्या बारीक वायरीतून तो एमएसईबीच्या न्यूट्रलला टेकलेला आहे. १२५ केव्हीएच्या सेटचं अर्थिंग कुणाच्या तरी हॉलमधल्या डीबीतून होतंय! ते कुटुंब मेन बंद करून गावाला गेलं की तेही गेलं. मग न्यूट्रल खरंच तरंगतो. अशा वेळी एखाद्या घरात फेज बॉडीला लागला तर काहीच होत नाही, दिवे चालू, सगळे खूश. पण डीजीचा न्यूट्रल तेव्हा जमिनीपासून २३० व्होल्टवर गेलेला असतो आणि बाकीचे दोन फेज ४१५ वर. दुसरा दोष दुसऱ्या फेजवर आला की थेट दोन फेजमधला शॉर्ट.

आणि कृपा करून ‘टेस्ट बटण दाबलं की आरसीसीबी पडतो, म्हणजे सगळं ठीक’ हे मनातून काढा. ते बटण आतल्या एका रेझिस्टन्समधून फेज आणि न्यूट्रलमध्येच थोडा करंट वळवतं. अर्थ नसला, पट्टी नसली, खड्डाच नसला तरी बटण दाबल्यावर तो पडतो. बटणाने आरसीसीबी जिवंत आहे एवढं कळतं, करंटला परत यायची वाट आहे की नाही ते कळत नाही.

तर करायचं काय. क्रम महत्त्वाचा आहे, आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच, डीजी आणि मेन लाइन दोन्ही बंद ठेवून. रहिवाशांना आधी सांगून रविवारची सकाळ घ्या. कुरकुर होईल, होऊ द्या. पट्टी आत्ता सुटी आहेच, त्याचा फायदा घ्या. डीजी पॅनलमधला न्यूट्रल बार आणि अर्थ पट्टी यांच्यात मीटर लावा. मिसळ कुठेच नसेल तर रीडिंग खूप मोठं आलं पाहिजे. काही ओहम दाखवलं तर कुठेतरी जोड आहे. मग फ्लॅटकडे जाणाऱ्या डीजीच्या न्यूट्रल वायरी बारवरून एकेक करून सोडवत जा. जी सोडवल्यावर रीडिंग उसळी घेतं, तो फ्लॅट सापडला. बहुतेकदा एकापेक्षा जास्त निघतात, म्हणून पहिला मिळाल्यावर थांबू नका, शेवटपर्यंत जा. ज्या घरांचे आरसीसीबी पडत होते तिथून सुरुवात केलीत तर वेळ वाचेल. त्या फ्लॅटमध्ये जाऊन डीजीचा न्यूट्रल वेगळा करायचा. काही ठिकाणी न्यूट्रल बारऐवजी एखाद्या सॉकेटच्या खोक्यात न्यूट्रल आणि अर्थ पिळलेले सापडतील. तो दोषही याच तपासणीत पकडला जातो.

सगळं स्वच्छ झालं की पट्टी परत लावा, आणि वर म्हटलं तसे चारही खड्डे एकत्र बांधा. मग डीजी लोडवर चालवून न्यूट्रल ते अर्थ या पट्टीभोवती क्लॅम्प मीटर धरा. साठ फ्लॅटमधल्या टीव्ही, चार्जर, एलईडीची थोडी गळती असतेच, त्यामुळे शून्य येणार नाही. पण रीडिंग अँपिअरमध्ये येत असेल तर अजून कुठेतरी न्यूट्रल दुसऱ्यांदा अर्थ झालेला आहे.

इथे एक मोठा ‘पण’ आहे, तो म्हणजे तुमचा चेंजओव्हर, म्हणजे लोड मेन लाइनवरून डीजीवर नेणारा स्विच. वर सांगितलेलं सगळं चार पोलच्या चेंजओव्हरला लागू आहे, जिथे तीन फेजबरोबर न्यूट्रलही बदलतो. तेव्हा डीजी हा स्वतंत्र सोर्स होतो आणि त्याचा न्यूट्रल त्याने स्वतः अर्थ करावाच लागतो. चेंजओव्हर तीन पोलचा असेल तर दोन्हीकडचे न्यूट्रल कायम जोडलेले राहतात; मग डीजीपाशी पुन्हा अर्थ केला की न्यूट्रल दोन ठिकाणी अर्थ झाला, आणि न्यूट्रलचा करंट अर्थ पट्टीतून फिरत राहणार. सोसायटीच्या आवारात स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल आणि त्याचा न्यूट्रल तुमच्याच अर्थ ग्रिडवर असेल, तर तीन पोलचीही नीट रचना करता येते. पण रस्त्यावरून एलटी (कमी दाबाची) लाइन येत असेल तर त्या न्यूट्रलवर तुमचा ताबा नाही, तो कधी तुटेल सांगता येत नाही. तिथे मी चार पोलशिवाय दुसरं काही बसवू देत नाही.

वेंडरने चार पोल सांगितला म्हणून विश्वास ठेवू नका, उघडून पाहा. चौथ्या पोलला वरून सरळ तांब्याची पट्टी मारून न्यूट्रल कायमचा जोडून टाकलेले चार पोल मी पाहिलेत, कारण कधीतरी चौथ्या पोलचा कॉन्टॅक्ट जळला होता आणि कुणाला नवा आणायचा नव्हता. तो कॉन्टॅक्ट जळणं हा वेगळाच धोका. न्यूट्रल नीट टेकला नाही आणि फेज टेकले, तर दोन घरांचा लोड दोन फेजच्या मध्ये सिरीजमध्ये येतो. ज्याच्याकडे लोड कमी त्याच्या टीव्हीला ३०० च्या वर व्होल्ट मिळू शकतात. म्हणून न्यूट्रल सगळ्यात आधी जुळणारा आणि सगळ्यात शेवटी सुटणारा चेंजओव्हर मागा.

दोन किंवा जास्त डीजी सिंक्रोनाइज होऊन एकत्र चालणार असतील तर हे गणित बदलतं. तुमच्याकडे एकच आहे, म्हणून त्यात शिरत नाही.

आता एमसीसीबीबद्दल, कारण वर मी ‘करंट हजारात जातो’ म्हटलं आणि तुम्हाला वाटेल प्रश्न मिटला. डीजी म्हणजे ट्रान्सफॉर्मर नव्हे. शॉर्ट झाल्यावर पहिल्या काही सायकल तो भरपूर करंट देतो, मग व्होल्टेज कोसळतं आणि साध्या एव्हीआरच्या (व्होल्टेज आपोआप सांभाळणारं उपकरण) अल्टरनेटरमध्ये करंटही झपाट्याने उतरतो. २०० अँपिअरच्या एमसीसीबीचं मॅग्नेटिक ट्रिप (शॉर्ट झाल्यावर क्षणात पडण्याची मर्यादा) दहापटीवर, म्हणजे २००० अँपिअरवर लावलेलं असेल, तर तो तेवढ्या वेळात पडेलच असं नाही. म्हणून डीजी पॅनलमध्ये अर्थ लीकेज रिले हवा, म्हणजे अर्थकडे गळणारा करंट ओळखून ब्रेकर पाडणारं उपकरण. त्याचा सीबीसीटी, म्हणजे ती गोल कॉइल, तिच्यातून तीन फेज आणि न्यूट्रल असे चारही कंडक्टर गेले पाहिजेत, आणि न्यूट्रल ते अर्थ पट्टी कॉइलच्या अलीकडे, अल्टरनेटरच्या बाजूला हवी. पट्टी चुकून लोडच्या बाजूला लागली की दोषाचा करंट न्यूट्रलमधून कॉइलमध्येच परत शिरतो, बेरीज शून्य येते आणि रिले झोपून राहतो. पॅनल दिसायला उत्तम, आत ही गफलत, असं वरचेवर आढळतं. साठ फ्लॅटच्या सोसायटीत मी हा रिले एक ते तीन अँपिअरच्या दरम्यान, थोडा उशीर देऊन लावतो, म्हणजे एका घरातल्या दोषाने आधी त्या घरचा आरसीसीबी पडतो आणि लिफ्ट चालू राहते.

आता खड्डे. वेंडरने एक ओहमच्या आत रीडिंग लिहून दिलं असेल तर ते कधी घेतलं ते विचारा. आयएस ३०४३ मधल्या सूत्राने हिशेब केला, तर ३ मीटर लांब, ४० मिलिमीटर व्यासाचा एक पाइप १०० ओहम-मीटरच्या जमिनीत साधारण ३० ओहम देतो. काळ्या मातीत जमीनच १० ओहम-मीटरची असेल तर ३ ओहम. पुण्याच्या टेकड्यांकडच्या मुरमात किंवा कोकणातल्या जांभ्यात पहिला आकडा किंवा त्याहूनही मोठा, विदर्भाच्या काळ्या रानात दुसरा. रत्नागिरीकडच्या एका कामात पावसाळ्यातल्या दाखल्यावर दिसणारे आकडे मे महिन्यात कित्येक पटींनी वर गेले होते. खड्ड्यात पाणीच नव्हतं. म्हणून मोजणी मेमध्ये करा, आणि तीही खड्ड्याची पट्टी सोडवून, तीन खुंट्यांच्या पद्धतीने. दोन पाइपांमधलं अंतर पाइपाच्या लांबीच्या दुप्पट हवं. जागा वाचवायला चारही खड्डे हातभर अंतरावर खणले तर चाराचे पैसे जातात आणि दीडाचं काम होतं. मीठ-कोळशाला माझा विरोध नाही, पण मीठ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप खातं. ‘केमिकल अर्थिंग’ चांगलं चालतं. ते जादू असल्याच्या भावाने विकलं जातं तेवढंच खटकतं.

खड्ड्यांपेक्षा जास्त वेळ मी जोडांवर घालवतो. डीजी रबरी माउंटिंगवर बसलेला असतो, त्यामुळे बेस फ्रेम फाउंडेशनमधून आपोआप अर्थ होत नाही. अल्टरनेटरच्या दोन अर्थ स्टडना कडक जीआय पट्टी थेट आवळली की कंपनाने ती वर्ष-दोन वर्षांत लगपाशी (बोल्टने आवळायच्या टोकापाशी) तडकते. शेवटचा हातभर भाग तांब्याच्या विणलेल्या लवचीक पट्टीचा ठेवा. लगखालचा रंग खरवडलाय का, दातेरी वॉशर आहे का, कॅनॉपीच्या दरवाजाला आणि डिझेल टाकीला जोड आहे का, हे हाताने चाचपून पाहा. पट्टीचा आकार म्हणाल तर २५ बाय ३ ची जीआय पट्टी ७५ चौरस मिलिमीटर भरते आणि हिशेबात तुमच्या सेटला चालून जाते. तरी जमिनीखालून जाणारी मी २५ बाय ६ च घ्यायला लावतो, गंजायला थोडं मांस राहतं. आणि मीटर रूमपासून फ्लॅटपर्यंत गेलेली इमारतीची अर्थ पट्टी डीजीच्या अर्थ बारला धातूने जोडलेली आहे ना, ते बघाच. ती जोडणी नेमकी कुणाच्याच कोटेशनमध्ये नसते.

मंडपाच्या जनरेटरचं उत्तर याच धाग्याने जातं. भाड्याचा सेट टेम्पोवर येतो, रबरी टायरवर उभा राहतो, आणि आत न्यूट्रल बॉडीला जोडलेला असतो की नाही हे आणणाऱ्या पोरालाही माहीत नसतं. सेट बंद असताना मीटरने न्यूट्रल आणि बॉडीमधली कंटिन्युइटी तपासायला सांगा. नसेल तर लिंक मारून घ्या, आणि बॉडीला जमिनीत ठोकलेल्या दोन रॉडची जोड द्या. तिथून मंडपापर्यंत फेज-न्यूट्रलबरोबर अर्थची वायरही गेलीच पाहिजे. मंडपवाले सवयीने दोन कोअरची वायर आणतात, ती परत पाठवा. लोखंडी सांगाडा, कमान, स्पीकरचे स्टँड या अर्थ वायरीला जोडा आणि मंडपाच्या बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा. भाद्रपदातल्या पावसात ओल्या पाइपाला हात लागणारच. डांबरी रस्त्यावर रॉड जात नाही ही अडचण खरी असते. तेव्हा शेजारच्या बागेत किंवा झाडाच्या आळ्यात रॉड ठोकून वायर आणा, पण महावितरणच्या खांबाच्या अर्थ वायरीला गाठ मारू देऊ नका. आणि हा सेट सोसायटीच्या पॅनलला जोडायचा असेल तर चेंजओव्हरमधूनच. मीटर रूममध्ये दोन वायरी खोचून ‘तासाभराचंच काम आहे’ म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा, कारण बाहेर खांबावर चढलेल्या लाइनमनला ती लाइन बंद आहे असंच वाटत असतं.